ब्लॉक ठिसूळ निघाले तेव्हा

गणपती झाल्यावर घरामागे दोन खोल्या वाढवायला काढल्या. आमच्या चिपळूणकडे बांधकाम चिऱ्याचंच असतं. पण चिरा महाग पडत होता, म्हणून सहा इंची सॉलिड ब्लॉक मागवले.

गाडी उतरवतानाच कोपरे झडायला लागले. गवंडीमामांनी एका ब्लॉकवर खिळ्याने ओरखडा काढला, तर रांगोळीसारखी पूड पडली. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले. आवाज बद्द आला. “दादा, ह्यात जीव नाय,” ते म्हणाले. मला आधी गवंडीमामांचाच राग आला. निम्मे पैसे देऊन झाले होते ना!

कारखानदार म्हणाला, माल कच्चा आहे, पिकू दे. मी कारखान्यावर गेलो. सिमेंटच्या गोण्यांची थप्पी भिंतीला टेकून, खाली फळ्या न घालता, थेट कोब्यावर. गोणीवर ‘आठवडा २१’ छापलेलं, म्हणजे मे अखेरचा माल. तो अख्खा पावसाळा तिथेच पडून. हात घातला तर खडे लागले, बोटांनी फुटेनात. सिमेंट हवेतली ओल ओढून घेतं आणि गोणीतच थोडं थोडं धरतं. नीट ठेवलं तरी तीन महिन्यांत साधारण २० टक्के ताकद जाते, असं धरतात. इथे तर कोकणातला पाऊस. आपण सगळे कंपनी विचारतो, आठवडा कोणी विचारत नाही. ५३ ग्रेडचं असलं तरी शिळं ते शिळंच.

आठ ब्लॉक कॉलेजच्या लॅबमध्ये दिले. सॉलिड ब्लॉकची सरासरी ताकद निदान ४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी. आमची अडीचच्याही खाली आली.

दुसऱ्या खेपेला सिमेंट मी दिलं, ताजं पीपीसी. बाकी कच तोच, मशीन तेच, प्रमाणही तेच. पीपीसी सावकाश पकडतं, म्हणून १४ दिवस पाणी मारून घेतलं. पुढे ते ब्लॉक महिनाभर वाळवले. कामाचा खोळंबा झाला, घरात कुरबुर झाली. पण खिळा नुसता घसरायला लागला, आणि लॅबमध्येही ब्लॉक पास झाले.

पहिल्या मालाचे पैसे रोख काही मिळाले नाहीत. दुसऱ्या खेपेच्या मजुरीत वळते झाले, तेही लॅबचा कागद पुढे टाकल्यावर.