मनी, भुऱ्या आणि ठमी

२६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी पनवेलच्या सखल भागात शिरलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांच्या आधी सावध झाली ती मनी. आम्ही तांदळाचे डबे पलंगावर चढवत होतो आणि ती माळ्याच्या शिडीवरून खेपा घालत होती. दर खेपेला तोंडात एक पिल्लू, मानेची कातडी दातांत अलगद धरलेली. चारही पिल्लं वर पोचली, तरी ती पुन्हा खाली आली, रिकामं खोकं हुंगलं आणि मगच माळ्यावर गेली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. मनीला त्या रात्री तो माळाच सातवं घर झाला.

पुरातून वाचलेल्या त्या चार पिल्लांपैकी तीन सप्टेंबरात गेली. पाच दिवसांत. उलट्या, जुलाब, आणि पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसून राहणं. तहान दिसायची, पण पाण्याला जीभ लागत नव्हती. आजी म्हणाली, दृष्ट लागली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, पॅनल्यूकोपेनिया. रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवणारा विषाणू, घराच्या कानाकोपऱ्यात वर्षभरही तग धरणारा. आणि त्यावर लस असते. मांजरांना लस देतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मनी पुढे कितीतरी दिवस माळ्यावर जाऊन पिल्लांना हाका मारायची. दोन वर्षांनी तीही गेली, झोपेतच.

मागे उरलं चौथं पिल्लू, भुऱ्या. तांबूस मांजर बहुधा बोकाच असतो, तसा हाही. कोळीणमावशी दारात पाटी उतरवायची तेव्हा हा हातभर अंतर राखून बसायचा. मागायचा नाही, ओरडायचा नाही. मावशीच मांदेली पुढे टाकायची, "घे बाबा, तुझा वाटा."

२००९ च्या थंडीत त्याला ताप भरला. रात्रीची वेळ, दवाखाना बंद. मी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात विरघळवून त्याला पाजली. आपल्याला उतार पडतो, त्यालाही पडेल, एवढाच विचार. पहाटे त्याचं तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी झाल्या, श्वास लागला. हे औषध पचवण्याची सोय मांजराच्या यकृतात नसते. रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात आणि शरीराला प्राणवायू पुरत नाही. आपली एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा भुऱ्या नव्हता. त्या दुपारी मी औषधांच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'मांजरांना देऊ नये.'

ठमी आली २०१० च्या डिसेंबरात. पांढरी-काळी-तांबूस, तिरंगी, म्हणजे जवळजवळ नेहमी मांजरीच. दोन महिन्यांची असताना पहिली लस, मग पुढच्या मात्रा, रेबीजची वेगळी, वेळेवर शस्त्रक्रिया. तिच्या लशींच्या तारखा घरातल्या कालनिर्णयावर लिहिलेल्या असत. तिच्या आजाराला आम्ही कधी घरगुती औषध दिलं नाही.

बाराव्या वर्षी ती फार पाणी पिऊ लागली, वाळू लागली. मूत्रपिंडं थकली होती. मग एक दिवसाआड सलाईन. बाटली कोमट पाण्यात ठेवून पडद्याच्या दांडीला अडकवायची, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घालायची. पाणी कातडीखाली साचून उंटासारखी मदार यायची आणि मग ते पाणी पुढच्या पायाकडे ओघळून काही तासांत जिरून जायचं. ती मांडीवर शांत बसून घुरघुरत राहायची. अशी तिने दोन वर्षं काढली. २०२५ च्या जानेवारीत, परसातल्या उन्हात, ती गेली.

ठमीला चौदा वर्षं मिळाली. त्यातली कितीतरी मनीच्या तीन पिल्लांनी आणि भुऱ्याने दिलेली होती, हे मी मनापासून मानते. त्यांच्या मरणाने आम्हाला शहाणं केलं.

परवा शेजारची मुलगी ओंजळीत पिल्लू घेऊन आली. "ताई, याचं अंग तापलंय. आपल्याकडची अर्धी गोळी देऊ का?" मी तिला औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी दाखवली. ठमीची टोपली काढली, तिच्यात जुना पंचा अंथरला आणि पिल्लाला नि त्या मुलीला घेऊन दवाखान्याकडे निघाले. वाटेत मुलीला भुऱ्याची गोष्ट सांगितली.