रानातली खानेसुमारी

बेळगावहून खानापूर अवघ्या सव्वीस किलोमीटरांवर. तिथून पश्चिमेचा रस्ता धरला की भाताची खाचरे हळूहळू मागे पडतात, अंजनी-जांभळीची गर्दी वाढते आणि आपण भीमगडच्या रानात केव्हा शिरलो हे कळतसुद्धा नाही. शिवकालीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका किल्ल्यावरून या रानाला हे नाव मिळाले. इथे देगावपाशी म्हादई उगम पावते आणि गोव्याकडे उतरते. जवळच कणकुंबीला मलप्रभा जन्मते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. एकाच डोंगराच्या या दोन लेकी. एक पश्चिम समुद्राकडे दिली, दुसरी पूर्वेकडे!

रानात शिरल्यावर शहरी माणूस जो प्रश्न हमखास विचारतो, तो आमच्यापैकीही एकाने विचारलाच : "वाघ दिसेल का हो, मामा?"

बरोबरचे वाटाडे मामा शांतपणे म्हणाले, "वाघ हाय की साहेब. पण त्येला सवड झाली पायजे!"

आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे एक सहकारी सोबत होते. ते हसून म्हणाले, "वाघाला सवड होईल तेव्हा होवो. पण सर, या रानाचे नाव शास्त्राच्या पोथीत गेले ते वाघामुळे नव्हे, एका वटवाघळामुळे!"

आणि मग जी हकीकत कळली ती अशी.

१९११ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. आरंभ झाला तो आपल्या खानदेशात. राजेरजवाड्यांनी वाघ-सांबरांची शिंगे-कातडी दिवाणखान्यात टांगली होती. पण उंदीर, चिचुंद्र्या, खारी, वटवाघळे यांची विचारपूस कोणी करावी? ती या पाहणीने केली. सुमारे बारा वर्षांत पंचवीस हजारांच्या आसपास नमुने गोळा झाले. या उद्योगामागे रॉटन नावाचे एक निवृत्त वनाधिकारी होते. पाहणीच्या काळात, १९१२ साली, सोसायटीतले तरुण प्रेटर तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत शिरले आणि एक अपरिचित वटवाघूळ घेऊन बाहेर आले. लंडनच्या ओल्डफील्ड टॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला रॉटनसाहेबांचे नाव दिले.

चॉकलेटी रंग, मानेवर फिकट केसांचा पट्टा, तोंडाच्याही पुढे येणारे मोठाले कान, आणि पंखांच्या पडद्याबाहेर मोकळी लोंबणारी शेपटी, असे हे ध्यान! पण नवल पुढेच आहे. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे साऱ्या जगात याचा ठावठिकाणा एकच होता : बारापेडे. या शतकाच्या सुरुवातीला ते कंबोडियात आणि आपल्या मेघालयात आढळले, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांचा जीव थोडा भांड्यात पडला. एका गुहेत कोणी मशाली घेऊन धुडगूस घातला असता, तर एक अख्खी जात जगाच्या वहीतून पुसली गेली असे मानावे लागले असते.

त्या काळची पाहणी म्हणजे प्राणी मारायचा, कातडे सोलून पेंढा भरायचा आणि चिठ्ठी बांधायची. ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या चिठ्ठ्या अजून बोलतात. साताऱ्याच्या घाटमाथ्यावरच्या उंदराला १९१८ मध्ये हिंटन यांनी सातारचेच नाव दिले. पुढे कित्येक वर्षे तो साध्या घरउंदराचाच भाऊबंद समजला जाई. अलीकडे गुणसूत्रे आणि डीएनए तपासल्यावर कळले, की ही सह्याद्रीच्या रानातली स्वतंत्र जात आहे!

आजची रीत निराळी. सहकाऱ्यांनी ती रस्त्याकडेला बसून समजावली. पत्र्याच्या घडीच्या पेट्या ठराविक अंतरावर ओळीने मांडायच्या. आत शेंगदाणे, पावाचा तुकडा. संध्याकाळी लावायच्या, पहाटे पाहायच्या. सापडलेला जीव कापडी पिशवीत घालून तोलायचा, शेपूट, कान, पाऊल मोजायचे, खूण करायची आणि जिथे धरला तिथेच सोडायचा. चिचुंद्रीसाठी जमिनीत डबा पुरायचा. वटवाघळांसाठी तलम जाळी.

"आणि एकूण किती ते कसे कळते?" मी विचारले.

"समजा, पहिल्या खेपेस चाळीस उंदरांना खूण केली. दुसऱ्या खेपेस चाळीस सापडले, त्यांत खुणेचे दहा. म्हणजे दर चौघांत एक खुणेचा. मग सगळे मिळून सुमारे एकशेसाठ."

त्रैराशिक! शाळेत आम्ही ज्याला भीत होतो, ते रानात असे उपयोगी पडते. आणि हे एकशेसाठ काही फुकटचे नव्हेत. बिया पुरून विसरतात ते झाडे लावतात. साप, घुबड, उदमांजर यांची चूल त्यांच्यावर पेटते. वटवाघळे रात्रभर किडे टिपतात.

भीमगड अभयारण्य जाहीर झाले २०११ साली. प्रेटर गुहेत शिरले त्याला तेव्हा नव्व्याण्णव वर्षे झाली होती! आज सुमारे एकशेनव्वद चौरस किलोमीटर रान राखीव आहे. पण याच रानात माणसांच्या वाड्याही आहेत. पावसाळ्यात ओढे भरले, की आजारी माणूस खांद्यावरून न्यावा लागतो. मामा म्हणाले, "वाघळं मोजत्यात साहेब, चांगलं हाय. आमास्नीबी मोजा म्हंजे झालं." यावर आमच्यापैकी कोणाजवळ उत्तर नव्हते. पुनर्वसनाची बोलणी होतात; पण बाप-आज्याची जागा सोडणे हा काही त्रैराशिकाचा हिशेब नव्हे.

बारापेड्याच्या गुहेत आम्ही गेलो नाही. परवानगीवाचून जाता येत नाही, आणि तेच योग्य. बहुतेक वटवाघळांना वर्षाकाठी एकच पिल्लू होते. माणसांच्या गोंगाटाने बिथरून आई उडाली, तर ते नुकसान लवकर भरून येत नाही.

वाघ आम्हाला दिसला नाही, पण त्याची कोणाला चुटपुट लागली नाही. नकाशावर हिरवी रेघ ओढली म्हणजे रान राखले जाते असे आपण धरून चालतो. खरे म्हणजे आत कोण कोण राहते हे ठाऊक असल्याखेरीज राखायचे काय, हेच कळत नाही. त्यासाठी पहाटे दंवात भिजत, हाती वही घेऊन पेट्या उघडत फिरणारी माणसे लागतात. त्यांची छायाचित्रे कॅलेंडरांवर येत नाहीत. पण पुढच्या खेपेस रानात गेलात, तर वाघाबरोबर उंदरांचीही चौकशी करा. रान जिवंत आहे की नाही, ते तेच आधी सांगतात.