बोरीकाठी मनाचा शोध

धुळ्याच्या स्थानकावर आमची एस. टी. सुटायला अवकाश होता. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी विचारले, "कथा जाई राहिनात, भाऊ?" अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे'. मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण हा शब्द कानी पडला की मला अजून मौज वाटते. म्हटले, "अमळनेरला, आजी."

बरोबर माझी भाची होती. राहणारी जळगावची, धुळ्याला मानसशास्त्रात एम. ए. करते. परीक्षेच्या आदल्या रात्रीची झोप आणि दुसऱ्या दिवशीची स्मरणशक्ती, असा विषय तिने प्रबंधिकेसाठी मनाशी धरला होता. त्याला झोपलेल्या माणसाच्या मेंदूचा विद्युत्-आलेख हवा. मेंदूतले हे प्रवाह इतके क्षीण, की डोक्याच्या कातडीवर ते व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावे लागतात. ते यंत्र तिच्या कॉलेजात नव्हते. "प्रश्नावली भरून घ्या नि मोकळ्या व्हा," असा सल्ला तिला मिळाला होता.

"मामा, खान्देशात राहून मेंदूचा अभ्यास व्हायचा नाही. मी आपली बी. एड. करते," ती म्हणाली.

बी. एड. वाईट नव्हे, मी स्वतः मास्तरच आहे. पण ते रागाने करू नये. म्हणून म्हटले, जळगावला घरी जायचेच आहे, तर वाटेत एक गाव पाहून जाऊ.

कपाशीची शेते मागे टाकीत गाडी अमळनेरात शिरली. बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांच्या समाधीचे दर्शन घेतले, आणि मग तिला तत्त्वज्ञान मंदिराची हकिकत सांगितली. गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली ही संस्था काढली. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे बंगाली तत्त्वज्ञ या आडगावी येऊन राहिले. साने गुरुजी आधी इथे विद्यार्थी होते आणि पुढे इथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. मन म्हणजे काय, जाणीव म्हणजे काय, याचा खल करायला एकेकाने आपापली पोथी घेऊन घरी बसू नये; निवारा, ग्रंथ आणि सोबत सामाईक असावी, ही त्यामागची दृष्टी.

"तत्त्वज्ञांना यंत्र लागत नाही, मामा," भाची म्हणाली.

"मग यंत्र लागणाऱ्याची गोष्ट ऐक."

त्याच काळात अमळनेरात जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक होते. राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागले. योगाने शरीरात नेमके काय घडते, हे श्रद्धेवर न सोडता मोजून पाहावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पण मोजायचे कशाने? अमळनेरच्या शिक्षकाजवळ प्रयोगशाळा कुठली! तेव्हा १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या संस्थानी इस्पितळातली प्रयोगशाळा गाठली, आणि आपल्या काही विद्यार्थ्यांवर उड्डियान व नौली यांचे प्रयोग केले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी पुढे मोजून दाखवले. बस्तीत पाणी आपोआप वर कसे चढते, याचा उलगडा त्यातून झाला.

१९२३ साली ते महाविद्यालय बंद पडले आणि १९२४ मध्ये गुण्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले. योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर या डॉक्टराने माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत्-आलेख टिपला!

भाची आता ऐकू लागली होती. पण मुलगी हुशार, सहज पटवून घेणारी नव्हे. "समजा, परक्या प्रयोगशाळेने मला वेळ दिला. दहा मुलांना तिथे रात्री झोपायला नेऊ कशी? आणि नव्या जागी, नव्या अंथरुणावर कुणाला धड झोप लागते? मग मी मोजणार काय, परीक्षेची धास्ती की जागेची?"

आक्षेप खरा होता. क्षणभर मला उत्तर सुचेना. मग १९५७ सालची हकिकत आठवली. वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले दोन शास्त्रज्ञ मेंदूचे आलेख घेणारे फिरते यंत्र घेऊन भारतभर हिंडले. योगी अमेरिकेला नेण्याऐवजी त्यांनी यंत्रच योग्यांकडे आणले. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले आणि दिल्लीच्या आनंद या शास्त्रज्ञांची साथ घेतली. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांची नाडी हाताला लागेनाशी होई, पण आलेखात ठोके चालूच दिसत, हे त्या तिघांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले.

"म्हणजे मी वेळ मागायचा नाही; यंत्र मागायचे!" भाची म्हणाली.

आज हे मागणे तेव्हाइतके अवघडही नाही. सरकारी पैशातून घेतलेली यंत्रे कुठे आहेत आणि ती बाहेरच्या संशोधकाला कशी वापरता येतील, हे सांगणारी 'आय-स्टेम' ही राष्ट्रीय व्यवस्था २०२० पासून चालू आहे. मेंदूचे आलेख घेणारी सुटसुटीत यंत्रेही आता पेटीत घालून नेता येतात.

संध्याकाळी आम्ही आगगाडीने जळगावला पोचलो. ताईने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. जेवण उरकताच भाचीने अर्जाचा कच्चा खर्डा माझ्यापुढे ठेवला. चांगला उतरला होता. शेवटी मात्र 'उपकृत करावे' असे लिहिले होते. ते मी खोडले आणि 'परवानगी द्यावी' असे केले. सर्वांच्या पैशाचे यंत्र अभ्यासासाठी मागणे ही काही भीक नव्हे.

उत्तर अजून यायचे आहे. बी. एड.चा फॉर्म मात्र तिने आणलेला नाही.