सरसरीत

आमच्या आईला मापाचे वावडे. धिरड्यांसाठी तांदळाचे पीठ किती पातळ भिजवायचे, असे कोणी विचारले की ती म्हणे, "सरसरीत." आता सरसरीत म्हणजे किती, हे फक्त तिच्या उजव्या हाताला ठाऊक. पातेल्यात पळी एकदा फिरवली की त्याला कळे. यंदा पावसाळ्यात तिची उजवी बाजू लुळी पडली आणि तो हात मुका झाला.

दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी धानोऱ्याला भेटायला आला. आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात हेडरीहून कोनसरीला लोहखनिजाची पूड पाण्यात कालवून नळाने नेतात. सुमारे ८५ किलोमीटरचा तो नळ २०२५ साली सुरू झाला. त्याच्यावरून बोलणे निघाले. माझे विज्ञान मॅट्रिकलाच थांबलेले. मी विचारले, "आतला काला दाट की पातळ, हे बाहेरून कळते कसे?"

तो म्हणाला, "गुरुजी, असा काला साधारण माणसाच्या चालीने जातो. वेग फार कमी झाला तर पूड तळाशी बसून नळ तुंबतो, फार वाढला तर नळच झिजतो. नमुना तपासून निकाल येईपर्यंत तो काला कोसभर पुढे गेलेला असतो! म्हणून नळाच्या एका अंगाने गॅमा किरण सोडतात. दाट काल्यातून ते कमी पार होतात, त्यावरून घनता कळते. दाब आणि वेग क्षणोक्षणी मोजतात आणि साऱ्यावरून आतल्या स्थितीचा अदमास बांधतात. हात घालायला जागाच नसते."

सौ. धिरडी घालीत होती. चार छान उतरली. पाचवे तव्यावर पडले मात्र, आतल्या खोलीतून आईचा जड आवाज आला, "पीठ बुडाशी बसलं, सूनबाई. ढवळ."

सौ.ने पळी तळापर्यंत नेली. खाली खरोखरच पिठाचा थर होता. ढवळल्यावर पुढचे धिरडे जाळीदार उतरले.

"आई, खाटेवरून तुला कसे कळले?" मी विचारले.

"तवा जास्त चरचरला. पाणीच पडलं ना त्याच्यावर," ती म्हणाली. असा साधा प्रश्न मास्तराने विचारावा, याचेच तिला नवल वाटले असावे.

गेले काही महिने तिला त्रास नको म्हणून आम्ही तिला काही विचारीतच नव्हतो.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी तिची खाट उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणली.