बत्तीस डोळे

पेणच्या माहेरवाशिणीला डोळे कसे काढावेत हे कोणी शिकवू नये. आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यांत माती मळणारे पुष्कळ, रंग देणारेही पुष्कळ. पण डोळ्यांची आखणी करणारा हात एखादाच. तो कारागीर कुंचला उचलतो तेव्हा भोवतीची पोरेदेखील गप्प होतात. त्या घोळक्यात परकर सावरीत मी कितीदा उभी राहिले असेन! ते पाहणे पुढे नॉटिंगहॅमला उपयोगी पडेल, असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते.

हे गेल्यापासून घर खायला उठत होते, म्हणून मुलाने सहा महिन्यांसाठी इकडे बोलावून घेतले. पण इथे भांडी यंत्र घासते, कपडे यंत्र धुते. मुलगा नि सून दोघे कामावर. राहता राहिला तेरा वर्षांचा नातू. त्याचे मराठी 'हो' आणि 'नको' यांत आटोपते, आणि माझ्या इंग्रजीची धाव त्याहून लांब नाही. शाळेतून येऊन तो जो टेबलाशी बसे, तो जेवायलाच उठे.

टेबलावर काय, तर धातूचे सैनिक! उंची जेमतेम 28 मिलिमीटर. म्हणजे माझ्या करंगळीच्या निम्म्याने. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे नव्हेत हे. एक्केचाळिसाव्या सहस्रकात ग्रहाग्रहांवर लढणारे वीर! टेबलावर त्यांची युद्धे लावायची, टेपने इंच मोजून माणूस पुढे सरकवायचा आणि मेला की जगला ते फाशांना विचारायचे. 'वॉरहॅमर 40,000' नावाचा हा खेळ 1987 साली निघाला. तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचे मुख्यालय याच गावात आहे. आता बहुतेक सैनिक प्लॅस्टिकचे येतात. नातवाचे जुन्या बाजारातून आणलेले, धातूचे. फार जुन्या सैनिकांच्या धातूत शिसे असायचे, हे मुलाकडून कळताच मी पहिला हुकूम सोडला : हात धुतल्याशिवाय खाऊला शिवायचे नाही. तो त्याला भाषांतरावाचून कळला.

मी शेजारी खुर्ची ओढून बसू लागले. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे सैनिकाच्या अंगावर बारीक रेघ उठते; ती आधी सोनाराकडे असते तसल्या इवल्याशा कानशीने घासून काढायची. हात, डोके, बंदूक निराळी. ती डिंकाने चिकटवायची. पण धातूचा हात जड. नुसत्या डिंकाला तो दाद देत नाही. मग खांद्याला आणि हाताला समोरासमोर भोके पाडून आत तारेचा तुकडा बसवायचा. फटी बुजवायला निळा-पिवळा लांबा मळून हिरवा करायचा. मग अस्तराचा हात, त्यावर पातळ रंगाचे दोन-तीन हात. खाचांत काळसर पाणी सोडले की सावल्या उतरतात. रंग जवळजवळ पुसून टाकलेला कोरडा कुंचला वरवर फिरवला की कडा उजळतात. पाहता पाहता चिमुकल्या चिलखतात जीव येतो.

"लढाया कसल्या खेळायच्या?" मी एकदा मुलाला विचारलेच. त्याने मला एच. जी. वेल्सची गोष्ट सांगितली. मंगळावरच्या स्वारीची कादंबरी 1898 साली पुस्तकरूपाने काढणाऱ्या या गृहस्थाने 1913 साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियमही छापले. त्याचे म्हणणे, खऱ्या मोठ्या युद्धापेक्षा हे चिमुकले युद्ध शतपटीने बरे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. शहाण्याचे ऐकायचे नाही, हा मोठ्या माणसांचा जुना नियम त्याच्या पुस्तकात नव्हता!

एके दिवशी नातू डोळ्यांशी अडला. पांढरा ठिपका मोठा होई, बुबूळ गालावर ओघळे. तीनदा पुसून त्याने कुंचला खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मी चष्मा सारखा केला. दोन्ही मनगटे टेबलावर टेकली, कुंचल्याचे टोक ओठांशी न नेता चिंधीवर वळवले, श्वास धरला आणि टिंब ठेवले. मग दुसरे. चिलखतातला वीर सरळ समोर पाहू लागला.

नातू काही बोलला नाही. त्याने सैनिक उलटसुलट पाहिला, माझ्या हाताकडे पाहिले आणि दुसरा कुंचला काढून माझ्यापुढे ठेवला. तेव्हापासून आमचे बरे चालले आहे. 'कानस', 'तार', 'अस्तर' हे शब्द त्याला येतात. माझेही इंग्रजी 'प्रायमर'पर्यंत पोचले आहे. पेणच्या आखणीविषयी मी त्याला हातवाऱ्यांनी सांगते. तिथे डोळे शेवटी. हा मात्र आधीच काढून घ्यायला सांगतो, चूक झाली तर गालाच्या रंगाखाली झाकता येते म्हणून. त्यावर आमचे भांडणही झाले. भांडण झाले म्हणजे घर आपले झाले, नाही का?

परतीचे तिकीट पुढच्या महिन्याचे आहे. मुलगा परवा विचारीत होता, तेच ठेवायचे ना? मी उठून डबीत डोकावले. आत अजून सोळा सैनिक आहेत, म्हणजे बत्तीस डोळे. त्यांतल्या एकाचा एक डोळा यंत्राचा आहे. तो तांबडा रंगवायचा असतो म्हणे. काढायचा तो काढायचाच. मी त्याला म्हटले, "तारीख जरा पुढे ढकलता येते का, बघ बरे."