कागदावर तिची सही

रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीतून फोन येतो, "मॅडम, केस आहे, पण सोबत पोलीस नाहीत." नवी मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना या 'पण'शी मी वर्षानुवर्षं भांडत आले आहे.

त्या रात्री लैंगिक अत्याचार झालेली एक स्त्री वहिनीचा हात धरून आली होती. आधीच्या एका खासगी रुग्णालयाने "एफआयआर करून या" म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं होतं. कायदा असं कुठेही म्हणत नाही. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तिच्यावर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं. उपचार नाकारणं हा गुन्हा आहे. पोलिसांना कळवायचं ते आम्ही. तिला तक्रार नको असेल तर तसं लिहून घेतो, उपचार थांबत नाहीत.

तपासणी मात्र तिच्या संमतीनेच. एक सही घेतली की झालं, असं मी मानत नाही, प्रत्येक टप्प्यावर पुन्हा विचारते. तिने स्वॅब घेऊ दिले. आतली तपासणी मात्र "नको, मॅडम." मी 'नकार' लिहिला आणि गर्भ राहू नये म्हणून गोळी दिली. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तीही दिली. स्वॅब सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावे लागतात. ओलसर राहिले तर बुरशी धरते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ते वाळता वाळत नाहीत. आंघोळ झाली, कपडे धुतले, आता जाऊन काय उपयोग, असं वाटून किती जणी येतच नाहीत! ९६ तासांपर्यंत स्वॅब घेता येतात. त्यानंतरही यावं, कारण बाकीचे उपचार तेव्हाही करता येतात.

तिच्या अंगावर एकही जखम नव्हती. अशा वेळी मला देसाईगंज आठवतं. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. (खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, मी ते लिहीत नाही.) सुमारे वीस तासांनी तपासणी झाली, जखमा आढळल्या नाहीत, दोन बोटं सहज आत जातात अशी नोंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं, त्यात जखमा नसण्याला मोठं वजन होतं. १९७९ मध्ये वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे कायद्याच्या चार प्राध्यापकांना न्यायालयाला सांगावं लागलं! ती दोन बोटांची चाचणी खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालय २०१३ साली म्हणालं. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी तर ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं बजावलं.

म्हणून मी 'जखमा नाहीत' एवढंच लिहून थांबत नाही. खाली लिहिते: जखमा नसल्या म्हणून अत्याचार झाला नाही, असे म्हणता येत नाही.

अहवालाची प्रत तिला विनामूल्य मिळते. तिने ती दोनदा वाचली, घडी घातली आणि वहिनीकडे न देता स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.