एप्रिलमध्ये हिरवं काय राहतं?

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना ही सवय असते. रात्री झोप येत नसली की उपग्रहाचं चित्र उघडायचं आणि सरकत सरकत आपल्या गावापर्यंत जायचं. आधी देऊळ सापडतं, मग शाळेचं पटांगण, मग आपलं छप्पर. तुम्ही हे मन रमवायला करता, मला त्याचा पगार मिळतो. आखनमध्ये बसून मी सह्याद्रीतल्या जंगलाचे नकाशे बनवते.

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. त्यांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब-रुंद तुकडा. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन आकड्यांवरून हिरवाई मोजता येते. मात्र संगणकाला शिकवण्यासाठी आधी शेकडो जागांवर माणसाने खूण करावी लागते: जंगल, शेत, पाणी, वस्ती.

मागच्या हिवाळ्यात खुणा करता करता मी दोडामार्ग तालुक्यातल्या आमच्याच गावात पोचले. पडद्यावर आमचे तीन एकर, भरगच्च हिरवे. 'जंगल' लिहिलं आणि हात थांबला.

तिथे आज काजू आहे. पूर्वी ऐन, किंजळ, जांभूळ होते. २०१२ साली मला जर्मनीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. फी नव्हती, पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बँकेत ठेवून दाखवायची होती. बाबांनी रान व्यापाऱ्याला दिलं. उन्हाळ्यात झाडं गेली, पावसात काजूची कलमं लागली, ऑक्टोबरमध्ये मी इथे आले.

मी जुनी चित्रं काढली. लँडसॅट-७ चा एक भाग २००३ मध्ये बिघडला, तेव्हापासून त्याच्या चित्रांत काळे पट्टे येत. लँडसॅट-५ ने २०११ च्या अखेरीस काम थांबवलं होतं आणि लँडसॅट-८ उडायचा होता. त्या उन्हाळ्याचं जे चित्र मी उघडलं, त्यात काळा पट्टा नेमका आमच्या रानावर होता. पुढच्या वर्षीच्या चित्रात नुसती तांबडी माती.

आणि आता पुन्हा हिरवं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडांची सावली असलेली कोणतीही जमीन वनाच्छादनात मोजली जाते, मग मालक कोणीही असो, झाड कोणतंही असो. व्याख्या उघडपणे छापलेली आहे, लपवाछपवी नाही. पण तिच्यानुसार आमच्या रानाचं काहीच बिघडलेलं नाही.

फरक दिसतो तो एप्रिलमध्ये. ऐन उन्हाळ्यात पानं टाकतो, काजू सदाहरित. म्हणजे ऑक्टोबरच्या चित्रात दोन्ही सारखे, आणि एप्रिलमध्ये खरं रान उघडं, बाग मात्र हिरवीगार! एकाच दिवसाच्या चित्रावर विसंबलं तर बागच जास्त 'जंगल' ठरते.

इथेही हे घडलंय. आखनच्या दक्षिणेला आयफेलचे डोंगर आहेत. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजवटीत तिथल्या उजाड माळांवर स्प्रूस लावले गेले. लोक त्याला 'प्रशियन झाड' म्हणत. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी आणि सालीखालच्या किड्यांनी ते उभ्या उभ्या वाळले. रविवारी फिरायला गेले की राखाडी खोडं दिसतात.

शेवटी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि चित्र दाखवलं. ते म्हणाले, "काजू आनी आयन तुझ्या त्या उपग्रहाक येगळे दिसतत काय रे?"

"एप्रिलात दिसतत."

"माका उपग्रह कित्याक व्हयो? थंय काय होता, ता माका म्हायत आसा."

मग त्यांनी बोट ठेवत ठेवत आजूबाजूची एकेक जागा सांगितली: ही कधी तोडली, ही कोणाची, इथे अजून जुनं रान आहे. एका संध्याकाळी एकतीस जागा झाल्या. आमच्या भाषेत याला 'ग्राउंड ट्रुथ' म्हणतात. आमची जागा त्यांनी सर्वांत शेवटी सांगितली, आणि लगेच जेवलीस का म्हणून विचारलं.

आता माझ्या यादीत 'काजूबाग' हा वेगळा प्रकार आहे. आमच्या तीन एकरांवर तीच खूण आहे आणि पुढे वर्ष: २०१२.

तुम्ही पुढच्या वेळी गाव शोधाल, तेव्हा घरी फोन लावा आणि त्या हिरव्या जागी आधी काय होतं ते विचारा. सांगणारी माणसं आहेत तोवर.